माशीच्या मज्जातंतूला स्नायूचा पत्ता कोण सांगतो?

चेहऱ्याच्या लकव्यातून सावरलेल्या काही रुग्णांना काही महिन्यांनी एक चमत्कारिक त्रास सुरू होतो. जेवायला बसले की एका डोळ्यातून पाणी वाहू लागते. ना दुःख, ना मिरचीचा ठसका. तरी घासागणिक अश्रू. डॉक्टरांच्या भाषेतही याला ‘मगरीचे अश्रू’ असेच म्हणतात. इतर काही रुग्णांत हसू आले की त्या बाजूचा डोळा आपोआप मिटतो. दोहोंचे मूळ एकच. इजा झालेले मज्जातंतू पुन्हा वाढतात खरे, पण वाढताना वाट चुकतात. लाळग्रंथीकडे निघालेला तंतू अश्रुग्रंथीपाशी जाऊन पोहोचतो, ओठांकडे निघालेला पापणीकडे वळतो आणि मेंदूने पाठविलेला हुकूम भलत्याच ठिकाणी बजावला जातो.

वास्तविक नवल वाटायला हवे ते वाट चुकणाऱ्या या थोड्या तंतूंचे नव्हे, तर गर्भावस्थेत वाट न चुकणाऱ्या असंख्य तंतूंचे. मोठ्या माणसात कण्यातील मज्जापेशीपासून पावलाच्या स्नायूपर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. गर्भात ही अंतरे लहान असतात, पण गर्दी तितकीच. शेजारी-शेजारी जन्मलेल्या दोन पेशींपैकी एकीचा तंतू मांडीकडे जातो, दुसरीचा पोटरीकडे. कोणाला कुठे जायचे हे कोण ठरवते आणि वाटेत खुणा कोण लावून ठेवते, या प्रश्नाचे आज जे बरेचसे उत्तर हाती आहे, त्याचा मोठा भाग माणसाकडून आलेला नाही. तो आला आहे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या तीन मिलिमीटर लांबीच्या चिलटाकडून, म्हणजेच शास्त्रज्ञांच्या ‘ड्रोसोफिला’ या फळमाशीकडून. (आंब्याच्या बागायतदारांची झोप उडविणारी फळमाशी ती ही नव्हे, ती निराळ्या कुळातली.)

प्रश्न मात्र माशीपेक्षा बराच जुना आहे. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भातील मज्जारज्जूत वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर, बोटे फुटल्यासारखा भाग पाहिला. त्याला त्यांनी ‘वृद्धिशंकू’ म्हटले. त्यांच्यापुढे होती ती रंगवलेली, मृत पेशींची चित्रे. परंतु हे टोक जिवंतपणी वाट शोधत पुढे सरकत असणार हा त्यांचा तर्क होता. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील ऊतीचा तुकडा द्रवाच्या थेंबात जिवंत ठेवला आणि तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. काहालांचा तर्क खरा ठरला.

तंतू वाट शोधतो हे सिद्ध झाले. कशाच्या आधारे, हे नाही. शिकागोचे पॉल वाइस यांच्या मते तंतू नेमका कुठे जाऊन जुळतो याला फारसे महत्त्व नव्हते. जुळणी झाल्यावर तिचे काम आपोआप लागी लागते, अशी त्यांची धारणा होती. त्यांचेच शिष्य रॉजर स्पेरी यांनी ती खोडून काढली. १९४० च्या दशकात त्यांनी पाणसरडे आणि बेडूक यांच्या डोळ्याची मज्जा तोडून डोळा खोबणीत उलटा फिरवून बसविला. मज्जा पुन्हा वाढली, दृष्टी परत आली. पण प्राण्याला जग उलटे दिसू लागले. माशी वर असली की बेडूक जीभ खाली फेकी. अनुभवाने त्यात काडीचाही फरक पडला नाही. तंतू आपापल्या जुन्याच ठिकाणी परतले होते. त्यावरून स्पेरींनी मांडलेला आणि १९६३ मध्ये पूर्णरूप दिलेला सिद्धांत असा, की तंतू आणि त्याचे लक्ष्य या दोहोंच्या अंगावर रासायनिक ओळखखुणा असतात आणि त्या जुळल्या की जोडणी होते. (स्पेरींना १९८१ चे नोबेल मिळाले ते मात्र मेंदूच्या दोन अर्धगोलांवरील कामासाठी.)

सिद्धांत देखणा होता. खुणांची रसायने कोणती, हे सांगणारा कोणी नव्हता. ते शोधायचे तर असा प्राणी हवा होता ज्यातील प्रत्येक पेशी नावाने ओळखता येईल आणि ज्याचे एकेक जनुक बिघडवून परिणाम पाहता येईल. कोरी गुडमन आणि मायकेल बेट यांच्यासारख्या संशोधकांनी सुरुवात टोळापासून केली, कारण त्याच्या गर्भातील पेशी मोठ्या असतात आणि त्यांत नाजूक सुई सहज शिरते. पण टोळाचे जनुकशास्त्र अवघड. १९८४ मध्ये असे दिसून आले की फळमाशीच्या गर्भातील मज्जापेशींची मांडणीही टोळासारखीच, फक्त लहान आकाराची आहे. मग टोळ मागे पडला आणि माशी पुढे आली. तिचे अंडे अर्धा मिलिमीटर लांब. त्यातून साधारण एका दिवसात अळी बाहेर पडते. दहा दिवसांत नवी पिढी उभी राहते. मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट एवढ्या खर्चात एका बाटलीत शेकडो माशा मावतात.

अळीचे शरीर खंडाखंडांचे असते. पोटाच्या बहुतेक खंडांत, मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला, नेमके तीस स्नायू असतात. प्रत्येक स्नायू म्हणजे एकच लांबट पेशी. त्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि प्रत्येक अळीत तोच क्रमांक त्याच जागी सापडतो. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी प्रत्येक बाजूला तीन डझनांच्या आसपास. त्यांनाही नावे आहेत. एवढ्या आटोपशीर व्यवस्थेत कोणता तंतू कोणत्या स्नायूवर जायला हवा हे आधीच ठाऊक असल्याने चूक झाली की ती लगेच डोळ्यांत भरते. या माशीची खरी किंमत तिच्या लहान आकारात नसून या शिस्तीत आहे.

उदाहरणादाखल ‘आरपी३’ या एका पेशीचा प्रवास पाहू. ती जन्मते मज्जारज्जूच्या मध्यरेषेजवळ. तिचा तंतू प्रथम मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला जातो. अंडे घातल्यापासून दहा-बारा तास झाले की तो इतर तंतूंच्या जुडीबरोबर मज्जारज्जूतून बाहेर पडतो. काही अंतर सर्वजण एकत्र चालतात. मग एका विशिष्ट ठिकाणी काही तंतू जुडी सोडून पोटाकडच्या स्नायूंत शिरतात. आरपी३ त्यांतलाच एक. तेथे त्याचा वृद्धिशंकू बोटांसारखे बारीक धागे बाहेर काढून आसपासचे अनेक स्नायू चाचपून पाहतो. बाजारात भाजी निवडणाऱ्या गृहिणीसारखे प्रत्येकाला हात लावून होते आणि शेवटी तो सहा व सात क्रमांकांच्या स्नायूंमधील फटीत स्थिरावतो. बाकीचे धागे आखडून घेतले जातात. स्पर्श झालेले अनेक, पसंत पडलेले दोनच. अळी अंड्यातून बाहेर पडते तेव्हा या जोडण्या कामाला लागलेल्या असतात आणि ती लगेच सरपटू लागते.

येल विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक सरळ प्रयोग केला. तंतू पोहोचण्यापूर्वीच सहा आणि सात हे स्नायू नाहीसे केले. आरपी३चा तंतू तरीही त्याच भागात आला आणि शेजारच्या स्नायूवर समाधान मानून राहिला. म्हणजे योग्य मोहल्ल्यात पोहोचणे आणि तेथील योग्य घर ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. लक्ष्य नसले तरी वाट सापडते.

मोहल्ल्यापर्यंतच्या वाटेचा छडा प्रामुख्याने १९९३ मध्ये बर्कली येथे गुडमन यांच्या प्रयोगशाळेत लागू लागला. पद्धत कष्टाची होती. माशांमध्ये यदृच्छेने जनुकीय बिघाड घडवायचे, त्यांचे भ्रूण मासळी चिरावी तसे उघडून पसरायचे, हालचालीचे तंतू तपकिरी रंगाने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहायचे. हजारो वेळा सर्व काही सुरळीत दिसते आणि मग एखाद्यात तंतू भरकटलेले आढळतात. बिघडलेल्या जनुकांना संशोधकांनी दिलेली नावे त्यांच्या विनोदबुद्धीची साक्ष देतात. ‘बीटन पाथ’ म्हणजे मळलेली वाट. यात तंतू जुडी सोडून वळायचे विसरतात आणि मळलेल्या वाटेनेच पुढे जात राहतात. ‘शॉर्ट स्टॉप’मध्ये ते अर्ध्यातच थांबतात. ‘क्लूलेस’मध्ये लक्ष्याच्या भागात येऊनही त्यांना काही सुचत नाही. त्याच वर्षी सापडलेल्या ‘राउंडअबाउट’मध्ये मध्यरेषा एकदाच ओलांडायचे तंतू पुन्हा पुन्हा ओलांडत चौकातल्या वाहनांसारखे गोल फिरत राहतात.

‘बीटन पाथ’ची उकल विशेष उद्बोधक आहे. तंतूंच्या पृष्ठभागावर ‘फॅसिक्लिन-२’ नावाचे एक प्रथिन असते. ते डिंकासारखे तंतूंना एकमेकांना धरून ठेवते. हा डिंक कृत्रिमरीत्या वाढविला की तंतू जुडीतून सुटेनासे होतात. नेमके हेच ‘बीटन पाथ’ बिघडल्यावरही घडते. आणि अशा माशीत फॅसिक्लिन-२ कमी केले, तर दोष बराचसा निवळतो. म्हणजे वळणाच्या जागी डिंक सैल करणे हे या जनुकाचे काम. पण सैल झाल्यावर वळायचे कोणाच्या बोलावण्यावरून? २००१ मध्ये ‘साइडस्टेप’ हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन स्नायूंवर असते. ते नसेल तर तंतू स्नायूंच्या बाजूने जातात, पण आत वळून पाहत नाहीत. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखविले की हे प्रथिन केवळ स्नायूंवर नसून तंतूंच्या वाटेवरही टप्प्याटप्प्याने प्रकट होते आणि तंतू त्याचा माग काढीत जातात. २०१३ मध्ये शेकडो प्रथिनांच्या जोड्या तपासताना ‘बीट’ आणि ‘साइडस्टेप’ या दोन कुळांतील प्रथिने एकमेकांना धरतात हेही दिसून आले.

घर ओळखण्याचा भाग अधिक गुंतागुंतीचा निघाला आणि स्पेरींच्या मूळ कल्पनेला येथे थोडा धक्का बसला. प्रत्येक स्नायूला एक कुलूप आणि प्रत्येक तंतूजवळ एक किल्ली, असे चित्र बहुतेकांच्या मनात होते. आरपी३ आणि त्याचे सहा-सात हे स्नायू यांवर ‘फॅसिक्लिन-३’ असते, हे ठाऊक होते. १९९५ मध्ये शेजारच्या स्नायूंनाही हे प्रथिन बनवायला लावले, तेव्हा आरपी३ तिकडेही जाऊन जुळला. किल्ली सापडली असे वाटले. परंतु तेच प्रथिन माशीतून पूर्णपणे काढून टाकले तरी आरपी३ निर्धास्तपणे सहा-सातवरच पोहोचला! किल्लीशिवाय कुलूप उघडले.

हे कोडे आपल्याकडच्या वाचकाला कदाचित लवकर सुटेल. जुन्या गावभागातला पत्ता आपण घरक्रमांकाने सांगत नाही. ‘मारुतीच्या देवळावरून डावीकडे, पिठाच्या गिरणीसमोर, निळा दरवाजा’ असा सांगतो. गिरणी बंद पडली म्हणून पाहुणा परत जात नाही. देऊळ आणि दरवाजा त्याला पुरतात. मात्र कोणी तिसऱ्याच घराला निळा रंग दिला, तर तो क्षणभर तिकडे वळेल. माशीतील स्नायूंचे पत्ते असेच आहेत. १९९८ मध्ये गुडमन यांच्या गटाने ‘नेट्रिन’, ‘सेमाफोरिन’ आणि फॅसिक्लिन-२ यांची प्रमाणे स्नायूंवर वेगवेगळ्या प्रकारे कमी-जास्त करून पाहिली. निष्कर्ष असा, की तंतू एकेक खूण वाचत नाही. जवळ ओढणाऱ्या आणि दूर ढकलणाऱ्या खुणांचा ताळेबंद मांडतो आणि शेजाऱ्यांच्या तुलनेत ज्या स्नायूची शिल्लक चांगली, तो निवडतो.

यातील ‘नेट्रिन’ हे नाव परदेशी वाटले तरी घरचेच आहे. अमेरिकेतील मार्क टेसिए-लवीन यांच्या गटाने १९९४ मध्ये कोंबडीच्या गर्भातून हे प्रथिन वेगळे केले, तेव्हा संस्कृतातील ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, या शब्दावरून त्याचे नामकरण केले. आपले ‘नेता’ आणि ‘नेतृत्व’ त्याच धातूतले. नेत्याने वाट दाखवावी ही अपेक्षा निदान प्रथिनांच्या बाबतीत पूर्ण होते म्हणायची. ‘टोल’ हे मात्र आपल्या नाक्यावरचे नव्हे, ‘झकास!’ अशा अर्थाच्या जर्मन उद्गारावरून ते पडले. हे प्रथिन पोटाकडच्या काही स्नायूंवर असते आणि आरपी३ला तेथे जोडणी करण्यापासून रोखते, असे १९९७ मध्ये आढळले. याच ‘टोल’चा रोगप्रतिकारातील वाटा उलगडणारे जूल्स हॉफमन यांना २०११ चे नोबेल मिळाले. निसर्ग एकच अवजार किती कामांना वापरतो त्याचे हे उत्तम उदाहरण.

जपानी संशोधकांनी बारा आणि तेरा या शेजारी स्नायूंची जोडी अभ्यासासाठी निवडली. बाराव्या स्नायूवर आणि त्याच्या तंतूंवर ‘कप्रिशस’ (अर्थ: लहरी) नावाचे प्रथिन असते. ते नसेल तर बाराव्याचे तंतू तेराव्यावरही जोडण्या करून बसतात, असे त्यांनी १९९८ मध्ये दाखविले. २००७ मध्ये नाण्याची दुसरी बाजू दिसली. तेरावा स्नायू ‘डब्ल्यूएनटी४’ हे प्रथिन बनवितो आणि त्यायोगे बाराव्याच्या तंतूंना दूर ठेवतो. एक बोलावतो, दुसरा हाकलतो. दोन्ही मिळून सीमारेषा ठरते.

खुणा बाहेर असल्या तरी त्या वाचणारा आत कोणीतरी हवा. सर्व तंतू त्याच परिसरातून जात असता एक पाठीकडच्या स्नायूंवर जातो, दुसरा पोटाकडच्या, याचे कारण पेशीच्या केंद्रकात आहे. येथे एक भारतीय धागा येतो. केंब्रिजचे मायकेल बेट आणि बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे के. विजयराघवन यांच्या सहकार्यातून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ‘इव्हन-स्किप्ड’ या जनुकाची भूमिका स्पष्ट झाली. पाठीकडे जाणाऱ्या तंतूंच्या पेशींत हे जनुक चालू असते. ते बंद पाडले की तंतू पाठीपर्यंत पोहोचत नाहीत. उलट सगळ्याच पेशींत चालू केले की पोटाकडे जायचे तंतूही पाठीची वाट धरतात. हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच विस्तार होय. कुलाब्याच्या त्या संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी माशीच्या मज्जासंस्थेवरील कामाचा पाया घातला. सिमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेले, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माशांवरील संशोधन आजही उल्लेखिले जाते.

हा सारा अळीचा प्रपंच. कोशात गेल्यावर तिचे बहुतेक स्नायू विरघळतात आणि उडण्यासाठी नवे घडतात. पण हालचालीच्या अनेक मज्जापेशी त्याच राहतात. त्या आपल्या जुन्या फांद्या आखडून घेतात आणि नव्या स्नायूंवर पुन्हा पसरतात. येथे देवघेव दुतर्फा असल्याचे दिसते. कोशावस्थेत मज्जा तोडली, तर काही उड्डाणस्नायू धड तयारच होत नाहीत. स्नायू तंतूला केवळ बोलावत नाही, तो त्याच्यावर अवलंबूनही असतो.

माशीचा माणसाशी काय संबंध, असा प्रश्न सभ्य वाचक विचारीत नाहीत. पण तो मनात येतोच. ‘राउंडअबाउट’चे मानवी भावंड ‘रोबो३’ बिघडले, तर मेंदूकडून निघून दुसऱ्या बाजूला जायचे तंतू ओलांडतच नाहीत. अशा व्यक्तींना डोळे डावी-उजवीकडे फिरविता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाकडा होत जातो, हे २००४ मध्ये समजले. नेट्रिन ओळखणाऱ्या ‘डीसीसी’ या प्रथिनातील दोष काही कुटुंबांत आढळला तो २०१० मध्ये. या लोकांनी उजव्या हाताने लिहायला घेतले की डावा हातही आपोआप तीच हालचाल करू लागतो. ‘ड्वेन’ नावाच्या डोळ्याच्या जन्मजात विकारात तर चुकलेला पत्ता प्रत्यक्ष दिसतो. डोळा बाहेरच्या बाजूला वळविणाऱ्या स्नायूची स्वतःची मज्जा तेथे पोहोचतच नाही आणि तिच्या जागी शेजारच्या स्नायूची मज्जा येऊन जुळते. त्यामुळे डोळा आत वळविताना दोन विरुद्ध स्नायू एकदमच ओढू लागतात आणि बुबुळ खोबणीत मागे खेचले जाते. काही कुटुंबांत याच्या मुळाशी असलेला जनुकीय दोष २००८ मध्ये सापडला. वृद्धिशंकूला मिळालेले संदेश पेशीच्या आत वाहून नेणारे प्रथिन त्यात प्रमाणाबाहेर सक्रिय झालेले असते.

अपघातात हाताची मज्जा तुटलेल्या रुग्णाला माशीमुळे उद्या उपचार मिळतील, असे सांगणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. शल्यविशारद मज्जेची आवरणे बारीक टाक्यांनी जोडतात, तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. पण कोणता तंतू कोणत्या नळीत शिरेल यावर त्यांचा फारसा ताबा नसतो. गर्भात ठरावीक वेळी लावलेल्या आणि पुढे पुसल्या गेलेल्या खुणा प्रौढ शरीरात पुन्हा लावायच्या म्हणजे कोणत्या, कुठे आणि किती, हे आधी कळावे लागते. माशीवरील काम चालू आहे ते याच यादीवर.

त्या यादीतील अलीकडची भर २०१३ च्या त्याच मोठ्या तपासणीतून आली. तीत ‘डीपीआर’ नावाच्या एकवीस प्रथिनांचे एक कूळ आणि ‘डिप’ नावाचे दुसरे, लहान कूळ यांच्यात सोयरिकींचे जाळे दिसले. २०१९ मध्ये त्यातील एका जोडीचे काम हाती लागले. पाठीकडे जाणारी आरपी२ ही मज्जापेशी एकट्या तंतूच्या फांद्यांनी कितीतरी स्नायू सांभाळते. तिच्यावर ‘डिप-अल्फा’ असते, स्नायूंवर ‘डीपीआर-१०’. दोहोंपैकी कोणतेही एक काढून टाकले, की चौथ्या क्रमांकाच्या स्नायूवरची फांदी फुटत नाही. पुढच्या स्नायूंवर तीच पेशी नेहमीसारखी जाऊन पोहोचते.